कुत्र्याची छत्री आणि माझा फोटो

मलकपेठहून मेट्रोनं एल. बी. नगर, पुढे रिक्षा, आणि वनस्थलीपुरमचं महावीर हरिण वनस्थली उद्यान. निवृत्तीनंतरचा हा माझा पावसाळी उद्योग. निझामाच्या शिकारीचं हे रान, १९७५ साली महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात त्याला हे नाव मिळालं. लोक काळवीट बघायला येतात, मी मात्र खाली मान घालून अळंब्या शोधतो. रिमझिम असली की वाटेवर कुणी नसतं. मोबाईल पुसायचा, उकिडवं बसायचं (उठताना गुडघे बोलतात), फोटो काढायचा.

आपण मराठी माणसं हिला कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे होतो. तेलुगूत पुट्टगोडुगु, म्हणजे वारुळाची छत्री. नाव किती नेमकं! काही जातींची बुरशी वाळवीच वारुळात जोपासते, आणि पाऊस पडला की तिची छत्री वर येते.

तीन वर्षांपूर्वी असाच एक फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘ही खातात म्हणे.’ नांदेडकडे शेतावर भाच्याला तशाच दिसल्या. रात्री घरातल्या चौघांना उलट्या, पहाटे सलाईन. निभावलं. ‘मामा, तुमच्या फोटोसारखीच होती हो,’ एवढंच तो म्हणाला. मला आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

बँकेत उभ्या नोकरीत ‘सहीसारखी दिसते’ म्हणून मी एकही चेक पास केला नाही. नमुना सही काढून ताडायची, मगच पुढे. आणि इथे वरून काढलेल्या एका फोटोवर मी शेरा मारला! खालच्या पट्ट्या, देठावरचं कडं, मुळाशी काय, काहीच बघितलं नव्हतं. मोबाईलमधली ॲपं तरी दुसरं काय करतात? चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणजे चालते, हेही थोतांडच. काही जातींचं विष उकळूनही जात नाही, आणि त्रास सहा-बारा तासांनी सुरू होतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओळखून खाणारे आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. आपण कॉलनीतली माणसं. आपण बघावं, फोटो काढावा आणि भाजीसाठी बाजारातली आणावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

परवा भाच्याचा फोन आला, ‘मामा, यंदा फोटो नाही?’ पाठवला. खाली फक्त जागा आणि तारीख.