खालाचा लॅपटॉप आणि काळा पडदा

खालाचा फोन आला तेव्हा मी इस्त्री करत होते. "बेटा, दुकानदार म्हणतो हा लॅपटॉप आता बदलून टाका. विंडोज 10 बंद झालं म्हणे, आणि अकरा यात चालणार नाही. तुझ्या खालूंनी घेतलेला आहे गं, असा कसा टाकू?"

मरहूम खालूंनी तो 2013 साली निवृत्तीच्या पैशांतून घेतला होता. त्यांनी स्वतः बसून स्कॅन केलेले घरातले सगळे जुने फोटो त्यात आहेत आणि आता धाकटीच्या बी.कॉम.च्या नोट्सही. दुकानदार खोटं बोलत नव्हता. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. खालूंचा तिसऱ्या पिढीचा. पण कीबोर्ड धड, पडदा धड, बॅटरी तासभर तग धरते. असं यंत्र भंगारात का घालायचं? मी म्हटलं, रविवारी येते, त्यावर लिनक्स मिंट टाकू.

मिंट मोफत मिळतं. त्याची फाइल साधारण तीन जीबीची असते, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर आरामात बसते. लॅपटॉपची रॅम चारच जीबी, म्हणून मी त्यातली हलकी, एक्सएफसीई आवृत्ती घेतली. खालाकडे पोचल्यावर आधी सगळे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवले आणि एक प्रत धाकटीच्या पेनड्राइव्हवर ठेवली. हे केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका.

पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला. मेनू आला, पहिली ओळ निवडली, मिंटचं चिन्ह चमकलं आणि पडदा काळा. दोन मिनिटं, पाच मिनिटं, काही नाही. चहा घेऊन आलेली खाला दारातच थांबली. "गेला का गं?"

काही गेलं नव्हतं. पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स आपण सांगेपर्यंत आतल्या डिस्कला हात लावत नाही. बटण दाबून बंद करा, पेनड्राइव्ह काढा, जुनं विंडोज जसंच्या तसं उघडतं. तसं उघडून दाखवलं तेव्हा खालाने कप खाली ठेवला.

पडदा काळा का पडतो, ते सांगते. संगणकातल्या प्रत्येक चिपशी बोलायला ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम लागतो. विंडोजसाठी तो चिप बनवणारी कंपनीच लिहून देते. लिनक्ससाठी काही कंपन्या देतात, काही देत नाहीत, काही देतात पण आतला मजकूर झाकून. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपसाठी 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर आहे. तो स्वयंसेवकांनी कंपनीच्या कागदपत्रांविना, चिप कशी वागते ते पाहून पाहून लिहायला घेतला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2012 साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात या कंपनीला जाहीरपणे आणि फार सभ्य नसलेल्या भाषेत सुनावलं होतं. पुढे मे 2022 मध्ये कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा काही भाग खुला केला, पण तो नव्या पिढीच्या चिपपुरता. वायफायचीही तीच गत. ब्रॉडकॉमने 2010 मध्ये आपल्या तेव्हाच्या नव्या चिपसाठी खुला ड्रायव्हर दिला, पण त्यांच्या काही चिपना आजही बंद ड्रायव्हरच वेगळा बसवावा लागतो. इंटेलच्या किंवा अथेरॉसच्या जुन्या चिप असतील तर बहुधा काहीच करावं लागत नाही.

तर उपाय. पेनड्राइव्हच्या मेनूत पहिल्या ओळीवर असताना इंग्रजी 'ई' दाबा. ओळी दिसतील, त्यांत 'क्वाएट स्प्लॅश' हे दोन शब्द शोधा. ते पुसून तिथे 'नोमोडसेट' लिहा: नो, मोड, सेट हे तीन शब्द मध्ये जागा न सोडता, लहान अक्षरांत. मग एफ-10 दाबा. याचा अर्थ इतकाच, की ग्राफिक्सच्या चिपला आत्ता छेडू नकोस, साध्या पद्धतीने चित्र दाखव. खालाकडे पडदा उजळला. अक्षरं मोठी आणि जरा पसरट होती, पण ते तात्पुरतं असतं.

वायफायच्या चिन्हावर टिचकी मारली तर यादी रिकामी. आधी कीबोर्डवरचं विमानाचं किंवा अँटेनाचं बटण तपासा. पुष्कळदा वायफाय तिथेच बंद केलेलं असतं आणि आपण ड्रायव्हरला दोष देत बसतो. आमचं चालू होतं, म्हणजे ड्रायव्हरच नव्हता. आता ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा! इथे अनेकजण हात टेकतात आणि दुकानदाराला फोन लावतात. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला ते तारेचं इंटरनेट वाटतं. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, डेटा नेणारी हवी. धाकटीची पहिली केबल तशीच निघाली.

मग इन्स्टॉल केलं. पहिल्यांदा सुरू करताना 'नोमोडसेट' पुन्हा लिहावं लागलं. मेनू आपणहून आला नाही तर यंत्र सुरू होताना एस्केप दाबायचं, अगदी जुन्या यंत्रात शिफ्ट. नंतर 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं. तिथे ग्राफिक्स आणि वायफाय दोन्हींचे ड्रायव्हर दिसत होते. ज्यांच्यापुढे शिफारस लिहिली होती ते निवडले, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. वायफाय तरीही नाही.

इथे चूक माझी होती. या लॅपटॉपमध्ये 'सिक्युअर बूट' चालू होतं. ते ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. इन्स्टॉल करताना मिंटने त्यासाठी एक पासवर्ड ठरवायला सांगितला होता आणि पुढच्या सुरुवातीला एक निळा पडदा येऊन तोच पासवर्ड विचारणार होता. मी खालाशी बोलत होते, निळा पडदा आला, वाचलंच नाही, पहिल्या ओळीवर एंटर मारला. मग मगरीबपर्यंत ड्रायव्हर काढ-घाल करत बसले. शेवटी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. यंत्रात एकटं लिनक्सच राहणार असेल तर घरी इतकं चालतं. वायफायची यादी भरली, शेजाऱ्यांच्या नावांसकट.

कुणी म्हणेल, एवढ्यापेक्षा यूएसबीचं वायफाय घ्यावं. घ्या, पण चौकशी करून. एकाच मॉडेलच्या नावाखाली नव्या आवृत्तीत आतली चिप बदललेली असते, आणि मग शेजारणीकडे चाललेलं आपल्याकडे चालत नाही.

आता मी एक करते. पेनड्राइव्हवरून चालू असतानाच वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड सगळं बघून घेते, वहीत लिहिते आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबते. बंद ड्रायव्हर लागणारं वायफाय तिथे चालणार नाही, पण काय अडणार ते आधी कळतं आणि केबल हाताशी ठेवता येते.

धाकटीने त्याच रात्री मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड जोडून घेतले, मला न विचारता. एक दुखणं मात्र राहिलं आहे. झाकण मिटून पुन्हा उघडलं की पडदा काळाच राहतो. मी तूर्त झाकण मिटल्यावर झोपायची सोय सेटिंगमधून बंद केली आहे आणि खालाला सांगितलंय, काम झालं की नीट बंद करायचा. ती म्हणाली, "तुझे खालू तसंच करायचे."