रग म्हणजे प्रतिकारशक्ती नव्हे



“आपण रानात राबणारी माणसं, आपल्याला काय होतंय!” ९ मार्च २०२० ला पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, तेव्हा हेच वाक्य तोंडी होतं. वर्षभरानं दुसऱ्या लाटेत धडधाकट, कर्ती माणसं ऑक्सिजनवर गेली. आता गोवरच्या लशीचा विषय निघाला की तेच वाक्य पुन्हा कानावर येतं, म्हणून हे पत्रक काढावं लागलं.

टोमॅटो करणाऱ्याला तरी हे वेगळं सांगायला नको. पांढऱ्या माशीनं प्लॉटात व्हायरस आणला की झाड कितीही जोमात असो, शेंड्याची पानं वळतात, वाढ खुंटते. मग ड्रिपमधून वाटेल ते खत सोडा, ते झाड उठत नाही. पर्णगुच्छाला दाद न देणारं वाण आपण मुद्दाम मागून आणतो, आणि तेच वाण करप्यात बसतं. माणसाचंही असंच आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे अंगातली रग नव्हे, ती ओळख आहे. शरीरानं तो विषाणू आधी ओळखलेला हवा, आजारातून नाहीतर लशीतून. नव्या विषाणूला कोणाचंच शरीर ओळखत नाही, म्हणून तो पैलवानालाही धरतो. ही ओळख काढ्यात नाही, चूर्णात नाही, कोरोनात घरोघर वाटलेल्या गोळ्यांच्या डब्यांतही नव्हती. ‘इम्युनिटी’ म्हणून बाटल्या विकणाऱ्यांनी लोकांची भीती विकली, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता पसरण्याचा हिशोब पाहा. सुरुवातीचा कोरोना एकाकडून साधारण दोघा-तिघांना जायचा. गोवर, कोणालाच संरक्षण नसेल तर, एकाकडून बारा ते अठरा जणांना जातो. आजारी पोर खोलीतून उठून गेलं तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते पोर रोग वाटत असतं; घरच्यांना वाटतं, साधी सर्दी आहे. म्हणून शंभरातल्या पंचाण्णवांना तरी दोन्ही डोस मिळालेले हवेत. त्याखाली आलो की भगदाड पडतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीच्या वस्त्यांत, ते पडलं आणि लेकरं दगावली. शिवाय गोवर शरीरानं आधी मिळवलेली दुसऱ्या रोगांची ओळखही पुसून टाकतो. पोर बरं झालं तरी पुढे कितीतरी महिने न्यूमोनिया, जुलाब यांना उघडं पडतं.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस एरवी देत नाहीत. त्याचं संरक्षण म्हणजे आजूबाजूच्यांची लस. त्यात ऊसतोडीला आलेल्यांची पोरंही आली. त्यांच्या कोपीत लशीचं कार्ड असलंच तर पेटीच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतं, आणि दुसरा डोस गाव बदलण्यात राहून गेलेला असतो. “ती बाहेरची माणसं” म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: वारा कोपीपाशी थांबतो का?

सगळ्यांनी लस घेतली की काय होतं, ते कळायला घरातल्या म्हाताऱ्या आजीच्या दंडावरचा गोल वण एकदा पाहा. ती देवीची लस. देवीचा रोग देशातून गेला तो अशा वणांमुळे.

गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देतात. आज रात्रीच घरातलं कार्ड काढून पाहा, आणि आपल्या उसात तोड चालू असेल तर तिथल्या पोरांची नावं आशाताईंना कळवा.