मोठ्या माशासाठी मजबूत दोरी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की दिल्लीच्या करोल बागेतल्या मराठी घरांतूनही नैनिताल-भीमतालचे बेत ठरू लागतात. रेल्वेने काठगोदाम गाठले, की भीमताल तिथून जवळच आहे. मुलांना होडीत बसायचे असते, मोठ्यांना थंड हवा हवी असते. पण घरातल्या एखाद्या हौशी माणसाचे लक्ष पाण्याखाली असते. कुमाऊंच्या तलावांत आणि नद्यांत महाशीर आहे आणि गळाने मासे धरण्याचा नाद असलेल्यांना या माशाची भुरळ पडतेच.

मराठी माणसाला हा मासा परका नाही. आपल्याकडे त्याला खडशी म्हणतात. १८३९ मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महाशीरची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावातही 'खुद्री' हा शब्द घातला. हिमालयातला सोनेरी महाशीर हा त्याचाच भाऊबंद. महाशीर केवढा मोठा होऊ शकतो, याची कल्पना एका विक्रमावरून येते. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगन यांनी गळाने धरलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता.

आज मात्र सोनेरी महाशीर संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. कावेरीतला मदार असलेला महाशीर तर २०१८ पासून अतिसंकटग्रस्त गणला जातो. म्हणूनच जाणकार लोक महाशीर धरतात, पाहतात आणि पुन्हा पाण्यात सोडून देतात. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतोच असे नाही. तो जगणार की नाही, हे पुष्कळदा साहित्य खरेदी करतानाच ठरलेले असते.

नाजूक काठीचा मोह टाळा

नवख्या माणसाला वाटते, की काठी जितकी लवचिक आणि दोरी जितकी बारीक, तितका खेळ रंगतो. माशालाही त्यामुळे सुटण्याची संधी मिळते, असेही त्याला वाटते. प्रत्यक्षात घडते उलटेच. बारीक दोरीने मोठा मासा ओढता येत नाही, त्याला केवळ दमवावे लागते. ही झुंज अर्धा-पाऊण तास चालली, की माशाच्या शरीरातला प्राणवायू कमी पडतो आणि स्नायूंत आम्ल साठते. असा मासा सोडल्यावर पोहत जाताना दिसला, तरी पुढे काही तासांत तळाशी मरू शकतो. दोरी तुटली, तर तो तोंडात गळ घेऊनच निघून जातो.

उत्तर अमेरिकेत 'मस्की' नावाचा मोठा शिकारी मासा आहे. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की मिळतो, असे तिथले लोक गमतीने म्हणतात. त्याच्यासाठी ते ८० पौंडांपर्यंत ताण सोसणारी विणलेली दोरी वापरतात. तो लवकर होडीजवळ यावा आणि ताकद शिल्लक असतानाच सुटावा, हा त्यामागचा एक हेतू असतो. महाशीरलाही हाच नियम लागू आहे.

काय घ्यावे?

होडीमागे आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. त्यासाठी सुमारे सात फुटांची, बुंध्याशी ताठ आणि टोकाशी थोडी वाकणारी काठी सोयीची पडते. नदीकाठावरून फेकण्यासाठी वापरतात ती लांब काठी होडीत अडचण करते.

रिळावर किमान २०० मीटर दोरी मावली पाहिजे, कारण महाशीरची पहिली धाव जबरदस्त असते. विणलेली दोरी ४० ते ५० पौंडांची घ्यावी. नायलॉनची तंगूस वापरायची असेल, तर ती ३० पौंडांपेक्षा कमी नको.

मस्कीचे दात धारदार असल्यामुळे आमिषापुढे पोलादी तार लावावी लागते. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे तारेची गरज नाही. मात्र खडकांवर दोरी घासते, म्हणून शेवटचे दीड-दोन मीटर जाड तंगूस बांधावी. दोरीला पीळ पडू नये म्हणून मध्ये फिरकी लावावी.

महाशीरच्या तोंडाची पकड मात्र विलक्षण असते. धातूचे चमचे तो वाकवतो, साधे गळ सरळ करतो. विकत घेतलेल्या आमिषाचे तकलादू गळ काढून जाड, पक्के गळ लावावेत. तीन आकड्यांच्या गळाऐवजी एकच आकडा लावणे अधिक चांगले. आकड्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. दोरी ताणलेली ठेवली, तर मासा सहसा निसटत नाही, आणि सोडवताना त्याचे तोंड फाटत नाही.

होडी कशी चालवावी?

ट्रोलिंगसाठी इंजिनाची होडीच हवी असे नाही. महाशीरसाठी वल्ह्यांची होडी पुरते. वेग माणसाच्या सावकाश चालण्याइतका असावा. आमिष आधी होडीच्या कडेला पाण्यात ओढून पाहावे. ते माशासारखे डुलत असेल, तरच मागे सोडावे. एका बाजूला लोळण घेत असेल, तर वेग किंवा आमिष बदलावे.

साधारण २५ ते ४० मीटर दोरी मागे सोडावी. दोन काठ्या असतील, तर एक आमिष जवळ आणि दुसरे लांब ठेवावे, म्हणजे दोऱ्या गुंतत नाहीत. पुढे लांब जीभ असलेले आमिष खोल जाते, आखूड जिभेचे वर राहते.

तलावाच्या मधोमध फिरण्यात अर्थ नाही. जिथे उथळ भाग संपून एकदम खोली सुरू होते, जिथे ओढा तलावाला मिळतो किंवा जिथे बुडालेले खडक आहेत, त्या कडेने जावे. सकाळ आणि संध्याकाळ उत्तम. होडी सरळ रेषेत न नेता नागमोडी न्यावी. वळणावर आतल्या बाजूचे आमिष मंदावते आणि बाहेरचे वेगाने जाते. मासा कोणत्या आमिषावर आला, यावरून त्या दिवशी वेग कमी हवा की जास्त, हे कळते.

मासा लागल्यावर

रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅग, दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश ठेवावा. घरीच ताणकाट्याला दोरी अडकवून तो तपासता येतो. मासा लागताच दुसऱ्याने आपली दोरी गुंडाळावी आणि नावाड्याने होडी खोल पाण्याकडे वळवावी. काठी आकाशाकडे उभी धरू नये, ती मोडते. बाजूला झुकवून ओढल्यास मासा लवकर वळतो.

मासा होडीत घेऊ नये. गाठी नसलेली, रबराचा थर दिलेली मोठी जाळी पाण्यातच धरावी आणि त्याला तिच्यात राहू द्यावे. लांब पकडीने गळ काढावा. निघत नसेल तर कातरीने तोडावा. गळ पाच-दहा रुपयांचा नसला, तरी माशापेक्षा स्वस्तच असतो. फोटोसाठी उचलायचे असेल, तर ओल्या हातांनी, एक हात पोटाखाली आणि एक शेपटीशी धरून, काही सेकंदच. मग पाण्यात सरळ धरून ठेवावे आणि तो स्वतः झटका देऊन निघाला, की सोडावे. मोठे महाशीर बहुधा माद्या असतात. त्यांपैकी एक वाचली, की पुढच्या कित्येक पिढ्या वाचतात.

पाणी फार तापलेले असेल, तर त्यातला प्राणवायू कमी असतो. अशा दिवसांत गळ टाकूच नये. पावसाळ्यात हे मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर जातात, तेव्हाही नाही.

नियम आणि सावधगिरी

गळ टाकण्यापूर्वी स्थानिक मत्स्य विभागाकडे चौकशी करून लेखी परवाना घ्यावा. अभयारण्यात मासे धरण्यास मनाई आहे. वाडा तालुक्यातल्या तिळसे किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या देवस्थानांच्या डोहांत भाविकांनी महाशीर पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत, तिथे गळाचे नावही काढू नये. लोणावळ्यात टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून आणि भीमतालच्या सरकारी संशोधन केंद्रातही महाशीरची पिल्ले वाढवली जातात. एवढ्या खटपटीने पाण्यात सोडलेला मासा एका सुट्टीच्या हौसेपायी जाऊ नये.

होडीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट घालावे. गळ उडून डोळ्याला लागू शकतो, म्हणून मुलांनाही चष्मा आणि टोपी द्यावी.

खर्चाला मर्यादा असेल, तर रंगीबेरंगी आमिषांच्या डब्यावर पैसे घालवू नका. आधी चांगले रीळ आणि दोरी घ्या, मग मोठी जाळी, लांब पकड आणि कातरी. उरलेल्या पैशांत दोन-तीन आमिषे सहज येतात, आणि एका सुट्टीला तेवढी पुरतात.