ऑपरेशननंतर चुकलेला ठोका

सातपूरच्या कंपनीत मशीनवर काम करणारे आमच्या गल्लीतले दादा. त्यांचे बायपासचे ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाले. कागदपत्रांची धावपळ मी केली. दोन दिवस सारे ठीक, आणि तिसऱ्या रात्री वहिनींचा फोन, "भाऊजी, लवकर या. मशीनवरचे आकडे वर-खाली पळतायत. ऑपरेशन फसलं की काय?"

ऑपरेशन फसले नव्हते. हृदयाचे वरचे दोन कप्पे एका लयीत आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरू लागतात, ठोके वेडेवाकडे पडतात. डॉक्टर याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. बायपासनंतर शंभरातल्या वीस ते चाळीस जणांना हे होते, झडपेच्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त. बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. ऑपरेशनने आलेली सूज, वाढलेले वय, रक्तातले क्षार कमी होणे ही त्याची कारणे. 2016 साली अमेरिका-कॅनडातल्या अशा 523 रुग्णांचा अभ्यास छापून आला. कोणाला ठोके संथ करणारे औषध दिले होते, कोणाला लय सुधारणारे. दोन महिन्यांनी दोन्हीकडे दहातल्या नऊहून अधिक जणांची लय ठीक होती. दादांचीही पाचव्या दिवशी जागेवर आली.

म्हणजे घाबरायचे नाही. पण विसरायचेही नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी देतात. महिन्याने पाहतो तर दादांची वॉरफरिनची पट्टी डब्यात तशीच! "धडधड थांबली, मग गोळी कशाला? आणि रक्त तपासायला गेलं की माझा खाडा पडतो," वहिनी म्हणाल्या. मला राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. ऑपरेशनच्या फॉर्मवर बारा सह्या घेतल्या, पण पुढच्या गोळ्यांचे मीही विचारले नव्हते.

आमच्याच गल्लीतल्या झडप बदललेल्या मावशींनी अशीच गोळी सोडली होती. एका सकाळी त्यांच्या हातातून चहाची कपबशी गळून पडली. तो हात अजून धड उचलत नाही.

दुसऱ्या दिवशी दादांना घेऊन गेलो. गोळी किती दिवस घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे. वॉरफरिन चालू असेल तर आय.एन.आर. तपासणी चुकवू नये. पालक-मेथी खावी, पण रोज साधारण सारखीच. एक दिवस पातेलेभर आणि मग आठवडाभर नाही, असे नको. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, दात काढण्याआधी डॉक्टरांना सांगावे. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली तर तेल चोळत बसू नका, लगेच 108 ला फोन करा. योजनेत पुढच्या तपासण्यांपैकी काय बसते, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला घरी जाण्याआधीच विचारा.

दादांची पुढची तपासणी गुरुवारी आहे. वहिनींनी रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आहे.