'किल -9' देऊनही प्रोसेस मरत नाही, तेव्हा लिनक्समध्ये नेमकं काय अडकलेलं असतं?

सर्व्हरवर एखादा प्रोग्रॅम अडकतो. अ‍ॅडमिन 'किल -9' देतो, दहा वेळा देतो. काहीच होत नाही. सीपीयू जवळपास रिकामा दिसतो, लोड अ‍ॅव्हरेज मात्र चढतच जातं.

ही 'डी स्टेट' म्हणजे काय?

डिस्ककडून उत्तर येईपर्यंत किंवा कर्नलमधलं एखादं लॉक सुटेपर्यंत कर्नल प्रोसेसला झोपवतं. या झोपेत तिच्यावर कोणताच सिग्नल चालत नाही. ही सोय मुद्दाम केलेली आहे, कारण अर्धवट कामात प्रोसेस मारली तर डेटा विस्कटू शकतो. एरवी ही झोप काही मिलिसेकंदांची असते. लिनक्स या झोपलेल्यांनाही लोडमध्ये मोजतं, म्हणून तो आकडा फुगतो.

लॉगमध्ये नाव आलं, म्हणजे दोषी सापडला?

प्रोसेस 120 सेकंद अशीच पडून राहिली की कर्नल लॉगमध्ये तिच्या नावाने इशारा येतो. बहुतेकांची गल्लत इथेच होते. ज्याचं नाव छापलंय तो अनेकदा दोषी नसतो, रांगेत खोळंबलेला असतो.

समजा, बॅकअप प्रोग्रॅमचं नाव आलं. तो एका फोल्डरच्या लॉकची वाट पाहतोय. लॉक दुसऱ्याच प्रोग्रॅमकडे आहे आणि तो बंद पडलेल्या एनएफएस सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहतोय. गंमत म्हणजे त्याचं नाव इशाऱ्यात येतच नाही. 2008 च्या 2.6.25 आवृत्तीत लिनक्सने 'किल -9' ऐकू येईल अशी वेगळी झोप आणली. एनएफएस तीच वापरतं आणि इशारा देणारी यंत्रणा तिला वगळते. म्हणजे ज्याला मारता येतं, तोच यादीत नाही! अर्थात सर्व्हर बंदच असेल, तर त्याला मारल्यावर रांगेतला पुढचा तिथेच अडकणार.

मग शोधायचं कसं?

'पीएस'मध्ये 'डी' अक्षर असलेल्या प्रोसेस काढायच्या. 'प्रॉक'मधली त्यांची 'स्टॅक' फाइल रूट म्हणून वाचली की कोण कुठल्या फंक्शनमध्ये थांबलंय ते दिसतं. 'सिसआरक्यू'ला 'डब्ल्यू' दिलं की अडकलेल्या सगळ्यांचे स्टॅक लॉगमध्ये येतात. वीस जणांचा स्टॅक सारखा आणि एकाचा वेगळा असेल, तर आधी तो एक बघायचा. लॉक धरणारा झोपलेलाच नसेल, तर 'टी' देऊन सगळ्या प्रोसेस पाहाव्या लागतात.

2025 मधल्या आवृत्त्यांत काही प्रकारच्या लॉकसाठी धरून बसलेल्याचा स्टॅकही इशाऱ्यासोबत छापता येतो. ही सुधारणा उशिराच आली म्हणायची. पण डिस्कच गप्प असेल, तर तिचाही उपयोग नाही.

एक सापळा आणखी आहे. डीफॉल्ट सेटिंगमध्ये असे 10 इशारे छापून झाले की कर्नल गप्प बसतं. लॉग शांत झाला म्हणून सर्व्हर सुटला असं समजून रीबूट टाळलं जातं किंवा उलट, घाईने रीबूट करून सगळे स्टॅक पुसले जातात. रीबूटआधी 'डब्ल्यू'चा लॉग दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवायला मिनिटभर लागतं. त्याच मशीनच्या डिस्कवर नको, कारण कदाचित तीच अडकलेली असते.