पिशवीचे हप्ते

बँकांच्या डायऱ्या-कॅलेंडरांचा जुना मान आता कापडी पिशवीकडे गेला आहे. सराफ, साडीवाले, बिल्डर, बँका, जो तो आपले नाव छापलेली पिशवी हातात ठेवतो. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आल्यावर तर या दानाला पुण्याचीही झालर लागली. पण बत्तीस वर्षे खातेवह्या तपासलेल्या माझ्यासारख्याला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

कापूस पिकवायचा, सूत काढायचे, विणायचे, रंगवायचे. या सगळ्याला पाणी आणि वीज लागते. इंग्लंडच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या साध्या प्लॅस्टिक पिशवीशी तापमानवाढीच्या बाबतीत बरोबरी साधायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्यातून एकदा मंडईत नेली, तर अडीच वर्षे!

म्हणून प्लॅस्टिक परत आणा, असे मी म्हणत नाही. ते गटारे तुंबवते आणि कुजत नाही. (आणि कापडासारख्या दिसणाऱ्या पुष्कळ पिशव्या नॉनवोव्हन, म्हणजे प्लॅस्टिकच्याच असतात.) पण सुती पिशवी हे निसर्गाकडून घेतलेले कर्ज आहे आणि प्रत्येक वापर हा त्याचा हप्ता. कपाटात घडी घालून ठेवलेल्या वीस पिशव्या हे बुडीत कर्जच.

देणाऱ्यांनी कापड जाड, शिवण पक्की आणि नाव लहान ठेवावे. भलीमोठी जाहिरात खांद्यावर मिरवायला कोणाला आवडते? आणि वाचकहो, घरात एक धडकी पिशवी असेल, तर दुसरीला हसून 'नको' म्हणावे. त्यात कोणाचा अपमान नाही.