सोबत्याचा हात

कामाच्या जागी जिव्हाळा असावा, असे मालकवर्गही म्हणतो. पण त्याने सणाला वाटलेली मिठाई ही मेहेरबानी असते आणि मर्जी फिरताच ती बंद होते. खरा जिव्हाळा बाजारपेठेतील हमालांत दिसतो. जड पोते एकट्याने पाठीवर घेता येत नाही. सोबत्याला हात लावावाच लागतो. या परस्परसाह्याला संघटनेची जोड मिळाली, तेव्हा १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार हे हक्क ठरले. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू करून कष्टकऱ्यांना स्वस्त, पोटभर अन्न दिले. म्हणूनच आजारी सोबत्याची विचारपूस कार्यकर्त्यांनी क्षुल्लक मानू नये. संघटनेची पायाभरणी तेथेच होते.